सहल समितीस खुले पत्र : हिरव्या पानाखाली काय शिजते, ते आधी विचारावे

प्रति,
आपल्या महाराष्ट्र मंडळाची सहल समिती, तसेच आईवडिलांना सोबत घेऊन समुद्रकिनारी सहली नेणाऱ्या उत्तर अमेरिकेतील सर्व मंडळांच्या समित्या यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

येत्या डिसेंबरात मंडळाची कौटुंबिक सहल मेक्सिकोत, कॅनकूनच्या किनाऱ्यावरील एका मोठ्या रिसॉर्टमध्ये नेण्याचे ठरत आहे, हे आपल्या पत्रकावरून कळले. पत्रकात ‘सर्वसमाविष्ट’, म्हणजे राहणे-खाणेपिणे सगळे एकाच दरात, हा शब्द सर्वांत वर ठळक अक्षरांत आहे आणि ‘शाकाहारी जेवणाची सोय आहे’ हे वाक्य अगदी तळाशी, विमानतळावर जमण्याच्या वेळेच्याही खाली आहे. हे पत्र त्या तळाच्या वाक्याविषयी आहे. रिसॉर्टला आगाऊ रक्कम भरण्याआधी समितीने त्या एका वाक्याचा अर्थ रिसॉर्टकडून लेखी मागून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आरंभीच सांगते की जागेच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन हिवाळ्यात कुठे जावे, हा आपल्यापैकी प्रत्येक घरात दर वर्षी पडणारा प्रश्न आहे आणि त्याला कॅनकून हे चांगले उत्तर आहे. अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असलेल्या भारतीय पारपत्रधारकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. न्यूअर्कहून सुमारे चार तासांचा प्रवास आहे. हिवाळ्यात तिथले घड्याळ न्यू जर्सीच्या घड्याळाबरोबरच चालते, त्यामुळे रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या वेळाही बदलत नाहीत. नोव्हेंबरपासून खिडकीशी बसून बर्फाची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना अंगावर ऊन घेऊन पाच दिवस मोकळ्या हवेत बसता येते, आणि ज्या बाईने सारा जन्म इतरांना वाढण्यात घालवला तिला कुणीतरी बसल्या जागी चहा आणून देते. या सगळ्यासाठीच आम्हीही गेलो होतो.

२०२४ च्या २२ डिसेंबरला आम्ही सहा जण तिथे पोहोचलो: आई, अण्णा, माझे यजमान, आठवीतली मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि मी. रिसॉर्टचे नाव मी लिहीत नाही, कारण जे घडले ते कुठल्याही रिसॉर्टमध्ये घडू शकते आणि एका नावावर फुली मारून समितीने निश्चिंत व्हावे असे मला वाटत नाही. आई लोणंदजवळच्या गावची आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दर वर्षी त्या वाटेने फलटणकडे जाते, आणि आईने लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ घातली ती आजतागायत उतरलेली नाही. अण्णांनी माळ घेतलेली नाही, पण आईच्या चुलीवर गेल्या सेहेचाळीस वर्षांत मांसमच्छी शिजलेली नाही. सहल ठरवताना मी दलालाला विचारले होते की शाकाहारी जेवण मिळते ना. ‘भरपूर मिळते, प्रत्येक पदार्थापुढे पाटी असते,’ असे उत्तर आले. मी तेवढ्यावर समाधान मानले. माझी चूक इथे झाली आणि तीच आपल्या पत्रकात पुन्हा होत आहे.

पाट्या खरोखरच होत्या. तीन-चारशे माणसे एका वेळी जेवतील अशा त्या दालनात प्रत्येक भांड्यापुढे स्पॅनिश आणि इंग्रजी नावाची सुबक पाटी होती, आणि काही पाट्यांवर हिरवे पान छापलेले होते. भारतात बिस्किटाच्या पुड्यापासून मसाल्याच्या डब्यापर्यंत सगळ्यांवर हिरवा ठिपका पाहत आपले आईवडील गेली वीसहून अधिक वर्षे खरेदी करत आले आहेत. त्या ठिपक्यामागे कायदा आहे. पदार्थात प्राण्याची चरबी असेल तर तो ठिपका लावता येत नाही, हे त्यांना कलमासकट ठाऊक नसले तरी ठिपक्यावर त्यांचा जो विश्वास बसला आहे तो अनुभवातून बसला आहे. तेवढाच विश्वास त्यांनी त्या हिरव्या पानावर टाकला, आणि तो टाकायला त्यांना मीच सांगितले. पहिल्या संध्याकाळी आईचा हात धरून मी एकेक पाटी वाचत गेले: ‘हे तुला चालेल, हे चालेल, हे नको.’ पान असलेल्या पदार्थांत काळ्या घेवड्याची घोटलेली दाट उसळ होती, टोमॅटो घालून केलेला लाल भात होता, भोपळ्याची एक भाजी होती. उसळ आईला फार आवडली. ती म्हणाली, आपल्या हुलग्याच्या माडग्यासारखी पोटाला बसते. पुढचे दोन दिवस तिने ती दोन्ही वेळा खाल्ली.

त्या दालनाच्या एका कडेला मोठा तवा मांडून एक बाई मक्याच्या भाकऱ्या करत असे. ती शेजारच्या युकातान राज्यातल्या एका खेड्यातली, माया या तिथल्या मूळ रहिवासी समाजातली होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याचे पीठ होते, त्यात थोडे मीठ, दुसरे काही नाही. तिकडचा तवा म्हणजे ‘कोमाल’, आणि त्यांच्या घरी अजून दगडी पाटा असतो. आई पहिल्याच सकाळी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिच्या हातांकडे बघत राहिली. गोळा तळहाताखाली फिरवत, बोटांच्या कडेने किनार सारखी करत थापायची तिची रीत आईच्या रीतीपेक्षा फार वेगळी नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या बाईने आईच्या हातात एक गोळा ठेवला. आईने तो थापून तव्यावर टाकला आणि दोघी हसल्या. शाळेत दोन वर्षे स्पॅनिश शिकलेली माझी मुलगी मध्ये उभी राहून जमेल तसे बोलत होती. बाईने आईच्या गळ्यातल्या माळेकडे बोट दाखवून ती काय आहे असे विचारले, तेव्हा मुलीने सांगितले की ही देवाची माळ आहे आणि ती घातल्यावर आजी मांस खात नाही. बाईने मान हलवली. मग तिने आईला खिडकीबाहेरचे एक झाड दाखवले. ते चिकूचे होते. चिकू मूळचा त्याच भागातला, त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम होत असे, हे मला तिथे कळले. घोलवडच्या चिकूच्या वाड्या पाहिलेल्या अण्णांना त्याचे फार अप्रूप वाटले आणि ते रोज संध्याकाळी त्या झाडापाशी जाऊन येत.

२५ तारखेच्या सकाळी आई ताट घेऊन त्या तव्यापाशी भाकरी घ्यायला गेली. ताटात उसळ आणि लाल भात होता. भाकरी वाढता वाढता त्या बाईचा हात थांबला. तिने ताटाकडे पाहिले, माळेकडे पाहिले, मग आजूबाजूला कुणी अधिकारी नाही ना ते पाहून माझ्या मुलीला हलक्या आवाजात काहीतरी विचारले. मुलीला त्यातला एक शब्द कळला नाही. तो ‘मान्तेका’ होता. तिने तो फोनवर पाहिला, आणि मी समोरच्या मेजावरून बघत होते तेव्हा तिचा चेहरा एकदम उतरला. ती धावत माझ्याकडे आली आणि फोन माझ्यापुढे धरला. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. घेवड्याची ती उसळ रोज त्या चरबीत परतली जात होती, आणि लाल भात कोंबडीच्या उकडीत, म्हणजे कोंबडी उकळलेल्या पाण्यात, शिजत होता.

आईला हे सांगायचे की नाही, याचा विचार मी किती वेळ केला ते मला आठवत नाही. बहुधा एक मिनिटच असेल. मी सांगितले. तिने ताट खाली ठेवले, पाणी प्यायली, आणि आम्ही खोलीवर आलो. तिने डोक्यावरून अंघोळ केली, माळ हातात घेतली आणि दुपारपर्यंत गॅलरीत समुद्राकडे तोंड करून बसून राहिली. त्या दिवशी तिने केळ्याखेरीज काही खाल्ले नाही. संध्याकाळी मी तिच्या पायाशी बसून रडले, तेव्हा ती मला म्हणाली, ‘‘तुजा काय दोष गं त्यात? पाटीवर लिवलं व्हतं तसं तू वाचलंस. पांडुरंगाला समदं ठावं हाय.’’ तिने मला क्षमा केली, पण पुढचे दोन दिवस मी वाचून दाखवलेल्या पाटीवर तिचे मन बसले नाही. ताटातल्या प्रत्येक घासापूर्वी ती नातीकडे बघे.

त्याच दिवशी दुपारी मी व्यवस्थापकांना भेटले. ते सौजन्याने बोलले, त्यांनी मनापासून क्षमा मागितली, आणि त्यांच्या बोलण्यातून मला जो उलगडा झाला तो समितीसाठी महत्त्वाचा आहे. त्यांच्या दृष्टीने हिरव्या पानाचा अर्थ ‘सिन कार्ने’, म्हणजे पदार्थात मांसाचे तुकडे नाहीत, एवढाच आहे. चरबी ही त्यांच्या लेखी तेलातुपासारखी शिजवण्याची गोष्ट आहे आणि कोंबडीची उकड ही पाण्याला चव आणणारी गोष्ट आहे. यात लबाडी नाही. मेक्सिकोच्या बऱ्याच घरांत असेच शिजते. डुक्कर त्या देशात सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर आले. त्याआधी माया लोकांच्या स्वयंपाकात उकडणे, भाजणे आणि वाफवणेच मुख्य होते, पण पाचशे वर्षांत चरबी तिथल्या चवीत मुरली आहे. शिवाय हजाराहून अधिक पाहुण्यांचे रिसॉर्ट म्हणजे एकेका जेवणघराचे वेगळे स्वयंपाकघर नसते. घेवडा, भात, रस्स्यांचा मसाला हे पहाटे एका मोठ्या मुदपाकखान्यात एकदाच शिजते आणि तिथून सगळ्या जेवणघरांत जाते. पाट्या छापणारा विभाग वेगळा असतो. वाढणाऱ्या मुलाला विचारले तर तोही पाटी वाचूनच उत्तर देतो. म्हणून ऐन वेळी ताट हातात धरून विचारण्याचा काही उपयोग नसतो, आणि म्हणूनच हे काम सहल निघण्याआधी समितीने करायचे आहे.

काय विचारायचे, तेही लिहिते. ‘शाकाहारी मिळेल का’ हा प्रश्न विचारूच नये, कारण त्याचे उत्तर नेहमी होकारार्थी येते. विचारायचे ते पदार्थाच्या पोटातले. घेवड्यात मान्तेका आहे का? ‘मान्तेकिया’ म्हणजे लोणी. दोन शब्दांत गोंधळ होतो, म्हणून कागदावर डुकराची चरबी असेच लिहावे. भात आणि सूप ‘काल्दो दे पोयो’त, म्हणजे कोंबडीच्या उकडीत, शिजते का? गव्हाच्या मऊ पोळ्यांत चरबी असते का? अनेकदा असते. मक्याच्या भाकरीत ती सहसा नसते. केळीच्या पानात वाफवलेल्या तमालेसच्या पिठात ती जवळजवळ नेहमी मळलेली असते, मग आत भाजी भरलेली का असेना. थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला चिकट पदार्थ, आहे का? बटाट्याच्या काचऱ्या ज्या तेलात तळतात त्याच तेलात मासे तळतात का? ही उत्तरे मुख्य आचाऱ्याच्या सहीने मागावीत. विक्री विभागाच्या ईमेलला या बाबतीत किंमत देऊ नये.

यावर कुणी म्हणेल की एवढ्या मोठ्या रिसॉर्टला चार म्हाताऱ्या माणसांसाठी कोण इतके करायला लावणार? माझे उत्तर असे की ते हे काम रोज करत असतात, फक्त त्याचे नाव वेगळे आहे. शेंगदाण्याची किंवा कोलंबीची ॲलर्जी आहे असे कळवले की त्यांची सारी यंत्रणा हलते. आल्या दिवशी आचारी येऊन भेटतो, ताट वेगळे येते, वेगळा तवा, वेगळा चमचा वापरला जातो. शेंगदाण्यासाठी जे होते ते चरबीसाठीही होऊ शकते. मात्र खोटी ॲलर्जी सांगू नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्यामुळे जीव जाऊ शकतो त्या शब्दाचा मान राखला पाहिजे. ‘धर्माच्या नियमाने निषिद्ध, ॲलर्जीइतकीच काटेकोर काळजी घ्यावी’ असे सरळ लिहावे. त्यांना ते कळते, कारण ज्यू धर्माच्या नियमाचे कोशर आणि इस्लामच्या नियमाचे हलाल जेवण मागणारे पाहुणे त्यांच्याकडे येतच असतात. आपली माणसे मात्र ‘असू दे, मी सॅलड खाईन’ म्हणून गप्प बसतात.

आणि पैशाचीही बाजू आहे. सर्वसमाविष्ट रिसॉर्टचा दर प्रौढ माणशी एकच असतो. त्या दरात दिवसभराची दारू धरलेली असते, कोलंबी, खेकडे आणि मोठमोठे भाजलेले मांसखंड धरलेले असतात, रात्रीचे खेळ आणि नाच धरलेले असतात. बहात्तर वर्षांची माळकरी बाई यांतल्या कशालाही हात लावत नाही आणि तरी पूर्ण दर भरते. तिच्या ताटातल्या घेवड्याची चौकशी हा त्या दरात समाविष्ट असलेलाच हक्क आहे, तो मागताना समितीने संकोचण्याचे कारण नाही. आपण चाळीस-पन्नास जण एकत्र जाणार आहोत. एका कुटुंबाचे जे ऐकले जात नाही ते पंधरा खोल्या घेणाऱ्या गटाचे, रक्कम भरण्याआधी, नक्की ऐकले जाते.

आता थोडे मतभेदाचे. समितीतील काही सभासद भारतीय जेवणाचा आग्रह धरतील याची मला कल्पना आहे. कॅनकूनला आपल्याकडची मोठमोठी लग्ने होतात आणि त्यांत भारतीय केटरर बाहेरून आणले जातात, हे खरे आहे. तीनशे माणसांच्या लग्नाला ते परवडते. आपल्या गटाने तसा हट्ट केला तर पिवळी पूड टाकलेला रस्सा आणि मिळमिळीत पनीर हातात पडेल आणि ते कशात शिजले याची चौकशी पुन्हा करावीच लागेल. त्यापेक्षा त्या मातीतले जेवण चरबी आणि उकड वगळून मागावे. नुसता उकडून फोडणीला तेल घातलेला काळा घेवडा, तव्यावरची मक्याची भाकरी, भोपळा, निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, चाया नावाचा पालकासारखा पाला आणि सिकिल पाक हे सगळे आपल्या आयांच्या जिभेला परके वाटणार नाही. सिकिल पाक म्हणजे भोपळ्याच्या भाजलेल्या बिया, टोमॅटो आणि कोथिंबीर यांची वाटलेली चटणी. आईने तिची कृती नातीकडून लिहून घेतली आहे आणि लोणंदला गेल्यावर ती जवसाच्या चटणीच्या शेजारी बरणीत भरते. लाल अंबाडीच्या बोंडांचे सरबत तिथे घराघरांत पितात, त्याला ‘हामाइका’ म्हणतात. फक्त हाबानेरो मिरचीबाबत सर्वांना सावध करावे. ती छोट्या ढोबळ्या मिरचीसारखी दिसते आणि कोल्हापूरकरांनाही झेपत नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. २६ तारखेला सफला एकादशी होती. आदल्या दिवशीच्या प्रकारानंतर आई त्या दालनात पाऊल टाकणार नाही, असे मी धरून चालले होते. अण्णाच म्हणाले, ‘‘चला, निदान त्या बाईला रामराम करू. तिने खरे सांगितले.’’ आम्ही गेलो. मुलीने तिला सांगितले की आज उपवास आहे, आज भाकरीही चालत नाही, आणि मग चालते काय त्याची यादी वाचली: रताळे, बटाटा, शेंगदाणा, फळे. ती बाई ऐकत राहिली आणि म्हणाली, हे सगळे तर आमचेच आहे. तिचे म्हणणे खरे आहे. उपवासाच्या ताटातले रताळे, बटाटा, शेंगदाणा आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद हे सगळे मूळ अमेरिका खंडातले, आपल्याकडे पोर्तुगीजांच्या काळापासून पुढे आलेले. तिने आचाऱ्याला बोलावून चार रताळी मागवली, ती आईच्या डोळ्यांदेखत स्वच्छ घासलेल्या तव्याच्या कोपऱ्यावर सालासकट भाजली, वर लिंबू पिळले आणि पपईच्या फोडींबरोबर आईला दिली. आई सावकाश जेवली. दोन दिवसांत तिला पोटभर जेवताना मी प्रथमच पाहत होते.

इतर गोष्टी थोडक्यात. जागा फार विस्तीर्ण असते, गुडघे दुखणाऱ्यांना जेवणघराजवळच्या तळमजल्याच्या खोल्या आधीच मागून घ्याव्यात. ताटावर बसून जेवण्याच्या संध्याकाळच्या जेवणघरांत पुरुषांना पायजमा आणि चप्पल चालत नाही, अण्णांना दारातून परतावे लागले, म्हणून भारतीय पोशाख चालेल असे गटापुरते लेखी घ्यावे. समुद्रावरचा लाल झेंडा धोक्याचा आणि काळा झेंडा बंदीचा, हे मुलांना पहिल्या दिवशी शिकवावे. विमानतळावर आणि रिसॉर्टच्या दालनात ‘मोफत न्याहारी’च्या नावाखाली खोल्यांचे वार्षिक हक्क विकणारे भेटतात. त्यांच्या बैठकीला आईवडिलांना नेऊ नये, तासन्‌तास बसवून ठेवतात. ज्या मंडळांच्या सहली उन्हाळ्याच्या सुट्टीत जातात त्यांनी सारगॅसम या समुद्री शेवाळाचीही चौकशी करावी. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत ते कधी कधी किनाऱ्यावर ढिगांनी साचते आणि सडल्यावर कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. डिसेंबरात आम्हाला त्याचा त्रास झाला नाही.

बक्षिशीचा मुद्दा मात्र थोडक्यात उरकण्यासारखा नाही. पत्रकात ‘टिप समाविष्ट’ असे लिहिले आहे. तिथे राबणारी माणसे युकातान, चियापास, ताबास्को इथल्या खेड्यांतून आलेली असतात. कॅनकून हे शहरच १९७० च्या दशकात सरकारने पर्यटनासाठी उभे केले आणि तेव्हापासून आसपासच्या राज्यांतली माणसे तिथे कामाला येत आहेत. त्यांच्या पगाराला हातभार लागतो तो पाहुणे हातात ठेवतात त्या पैशांचा. समितीने माणशी ठरावीक रक्कम सहलीच्या शुल्कातच धरावी आणि ती खोल्या झाडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, तव्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचवावी. समोर येऊन हसणाऱ्या वाढप्यालाच सगळे मिळते आणि मागचे कोरडे राहतात. त्या भाकरीवाल्या बाईविषयी एक गोष्ट अजून सांगायची राहिली. हॉटेलची पाटी चुकीची आहे हे पाहुण्याला सांगणे म्हणजे तिने नोकरी पणाला लावणे होते. म्हणून व्यवस्थापकांशी बोलताना हे मला कुणी सांगितले ते मी शेवटपर्यंत सांगितले नाही, आणि इथेही ती कोण ते लिहीत नाही. निघताना तिच्या कामाची आणि हातच्या भाकरीची स्तुती करणारे पत्र मात्र आम्ही सहाही जणांच्या सह्यांनी दिले.

समितीकडे माझ्या नेमक्या मागण्या तीन आहेत. नावनोंदणीच्या अर्जात ‘शाकाहारी / मांसाहारी’ या दोन चौकटींऐवजी एक मोकळी ओळ ठेवावी आणि ती आईवडिलांना विचारून भरावी. मुलांनी परस्पर भरू नये. आपली मुलेसुद्धा आजी काय खात नाही हे जाणतात, पण का खात नाही आणि कुठपर्यंत खात नाही हे विचारायचे आपल्याकडून राहून जाते. माळकरी, जैन, चातुर्मास पाळणारे, कांदा-लसूण न खाणारे यांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत आणि ती माणसे आपणहून बोलत नाहीत. दुसरी, वर लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरे मुख्य आचाऱ्याकडून लेखी आल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये. तिसरी, पहिल्या जेवणाआधी आचारी आणि ज्येष्ठ मंडळी यांची समोरासमोर भेट ठरवावी आणि तिथे स्पॅनिश जाणणारे कुणीतरी असावे. माझ्या मुलीने प्रश्नांचा स्पॅनिश तर्जुमा करून तिच्या शिक्षिकेकडून तपासून घेतला आहे, तो मी समितीला देते. रिसॉर्टशी फोनवर बोलायला मी आणि ती दोघी तयार आहोत. शनिवार-रविवार कोणतीही वेळ चालेल.

आई ऑक्टोबरात पुन्हा येत आहे. मंडळाच्या सहलीचे तिला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, ‘‘ती भाकरीवाली असंल का गं तितं?’’ सहल वेगळ्या रिसॉर्टला आहे, तिथे ती नसेल, असे मी सांगितले. आई म्हणाली, ‘‘मग आदी समदं इचारून घे, मंग माजं नाव घाल.’’ तिचे नाव मी अजून घातलेले नाही. समितीच्या उत्तराची वाट पाहत आहे.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
मंडळाची एक सभासद